यादीआधीची खरेदी

बव्हेरियात उन्हाळी सुट्टी ऑगस्टच्या तोंडावर लागते आणि शाळा सप्टेंबरच्या मध्याला, शिरस्त्याप्रमाणे एका मंगळवारी, उघडतात. २०२५ साली तो मंगळवार १६ सप्टेंबरला आला. दुकानांचे शालेय वर्ष मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते. इंगोलश्टाटमधल्या आल्डी किंवा लिडलमध्ये दूध, पाव, भाजी यांच्या मधल्या रांगेत दर आठवड्याला बदलणारा माल मांडलेला असतो. उन्हाळा सरू लागला की तिथून पोहण्याचे चष्मे आणि बागेतल्या खुर्च्या हलतात आणि त्यांच्या जागी गठ्ठ्याने बांधलेल्या वह्या, ग्लू स्टिकची पाकिटे, स्केचपेनांचे मोठे संच, रंगीत फाइली येऊन बसतात. माल त्या आठवड्यापुरता, संपला की संपला. दह्याचा डबा आणायला गेलेला माणूस डब्यासोबत दहा वह्या घेऊन बाहेर पडतो. यात आईबापांचा हावरेपणा शोधणे सोपे आहे आणि खर्चाविषयीचे बहुतेक सल्ले तिथेच थांबतात: मन आवरा, हिशेब ठेवा. मला हे निदान अपुरे वाटते. शालेय सामानाचा मोह इतका बळकट असतो तो मुख्यतः घटनांच्या क्रमामुळे. सवलत आधी येते, गरज काय आहे ते नंतर कळते. आणि ती गरज ठरवणारा माणूस वेगळा, वापरणारा वेगळा आणि पैसे मोजणारा तिसराच असतो.

हे इंगोलश्टाटच्या निमित्ताने लिहिण्याला कारण आहे. डॅन्यूबकाठचे हे शहर जगाला ऑडीमुळे ठाऊक आहे, पण जर्मनीच्या सवलतसंस्कृतीचे एक मुख्यालयही इथेच आहे. मीडियामार्क्ट आणि झाटुर्न या विद्युत उपकरणांच्या दोन दुकानसाखळ्यांचा कारभार इंगोलश्टाटहून चालतो. पहिलीने १९९०च्या दशकात ‘मी काही मूर्ख नाही’ अशा अर्थाची जाहिरात घरोघरी पोचवली, तर दुसरीने २००२ साली चिकटपणालाच झकास ठरवणारी घोषणा दिली आणि ती वर्षानुवर्षे देशभर गाजली. २००५ पासून शहराच्या पूर्वेला नामांकित ब्रँडांचा जुना माल सवलतीत विकणारे ‘इंगोलश्टाट व्हिलेज’ आहे. वाचकाला वाटेल की हा व्यापार जर्मनीत पूर्वापार असाच चालत आला असेल. तसे नाही. १९३३च्या सवलत कायद्याने दुकानदाराला सामान्य ग्राहकाला रोखीवर जास्तीत जास्त ३ टक्के सूट देता येई. हा कायदा २००१च्या जुलैत रद्द झाला आणि हंगामी सेलवरची बंधने २००४ मध्ये उठली. म्हणजे आज जे आईवडील पहिलीच्या मुलासाठी खरेदी करतात, त्यांच्या बालपणी ‘अर्ध्या किमतीत’ ही पाटी वर्षभर दिसत नव्हती. तुळशीबागेत घासाघीस करत वाढलेल्या मराठी माणसाला ही गोष्ट नवलाची वाटेल, पण मोहाच्या चर्चेत ती मोलाची आहे. सवलतीची भूक माणसात उपजत असेलही, पण तिला रोज ताट वाढायचे की नाही हे कायदा आणि बाजार ठरवतात.

ती भूक नेमकी कशाची? २०१७ साली नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८०च्या दशकातच याची फोड केली होती. त्यांच्या मते कुठलीही वस्तू घेताना माणसाला दोन वेगवेगळी समाधाने मिळतात. एक त्या वस्तूचे, म्हणजे ती किती उपयोगी पडेल याचे. दुसरे सौद्याचे, म्हणजे जी किंमत रास्त वाटते तिच्यापेक्षा आपण किती कमी दिले याचे. दुसरे समाधान पहिल्यावाचूनही मिळू शकते, आणि सगळी गडबड तिथे आहे. थेलर एका मैत्रिणीचा दाखला देतात. तिला पलंगावर घालायला गोधडी हवी होती. दुकानात तीन मापांच्या गोधड्या होत्या, एरवी २००, २५० आणि ३०० डॉलरच्या, पण त्या आठवड्यात सगळ्या १५० ला. तिने सर्वांत मोठी घेतली. तिचा पलंग लहान होता आणि गोधडी दोन्ही बाजूंनी लोंबत राहिली. सौदा उत्तम, वस्तू चुकीची. उलट बाजूचा पुरावाही आहे. २०१२ साली अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या मोठ्या दुकानसाखळीने कूपने आणि सेल बंद करून रोजच साध्या, कमी किमती लावल्या. ग्राहक खूश होतील असा अंदाज होता. त्या वर्षी विक्री सुमारे पाव हिश्श्याने घसरली आणि पुढच्या वर्षी ही योजना आणणाऱ्या प्रमुखाला जावे लागले. लोकांना नुसती कमी किंमत पुरत नव्हती, ती कमी झालेली दिसायला हवी होती.

आता गोधडीचा पलंग निदान घरात होता. मोजून पाहता आला असता. शालेय सामानात तेही नसते, कारण माप शाळेच्या हातात असते. जर्मन वही जवळून पाहिली की हे ध्यानात येते. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात एक लहान आकडा छापलेला असतो आणि तोच तिचा खरा परिचय. १ आकड्याच्या वहीत पहिलीच्या मुलासाठी चार-चार रेघांची रुंद घरे असतात: मधल्या पट्टीत अक्षराचे पोट, वरच्या पट्टीत उंच दांडी, खालच्या पट्टीत शेपूट. २ च्या वहीत ही घरे आखडतात, ३ मध्ये आणखी, आणि ४ पासून साधी एकरेघी सुरू होते. गणिताच्या चौकटींना वेगळे आकडे. मोठ्या आकाराच्या वहीत २५ म्हणजे एका बाजूला समास असलेली रेघी, २६ तशीच चौकटीची, २७ आणि २८ मध्ये दोन्ही बाजूंना समास. त्यावर कव्हरांचे रंग: जर्मनला लाल की निळे, गणिताला कोणते, हे त्या त्या बाई सांगणार. नेहमीची वही सोळा पानांची, म्हणजे बत्तीस पृष्ठांची, तेव्हा ती वर्षात अनेकदा लागते आणि गठ्ठ्याने घ्यावीशी वाटते. पण २५ ची दहा घेतली आणि बाईंनी २७ सांगितली, तर त्या दहाही वह्या त्या वर्गापुरत्या निकामी. शिक्षकांच्या बाजूने पाहता हा काटेकोरपणा उगाच नाही. अक्षर नुकते वळू लागलेल्या हाताला रेघांचे अंतर महत्त्वाचे असते आणि तपासणाऱ्याला समास लागतो. प्रश्न इतकाच की प्राथमिक शाळेची यादी कधी सुट्टीआधी मिळते, कधी पहिल्या आठवड्यात, आणि वरच्या वर्गांत प्रत्येक विषयाचे शिक्षक पहिल्या तासाला आपापली मागणी सांगतात. दुकानातली सवलतीची टोपली त्याच्या आधीच भरलेली आणि रिकामीही झालेली असते.

इंगोलश्टाटला नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबांना हे अंतर जास्त जाणवावे असे वाटते. ऑडीच्या गाड्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्यातही जुळवल्या जातात, चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना आहे, आणि इथल्या अभियंत्याला त्या गावांची नावे नवी नसतात. इथे आलेल्या मराठी माणसाच्या मनातला शाळाखरेदीचा हिशेब मात्र अप्पा बळवंत चौकातला किंवा मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरचा असतो: जूनच्या तोंडावर जायचे, दोनशे पानी वह्या डझनाने घ्यायच्या, खाकी कव्हरांची गुंडाळी घ्यायची, वर्षाची चिंता मिटली. तो हिशेब तिथे शहाणपणाचा होता. एकरेघी दोनशे पानी वही इतिहासाला चालते, मराठीला चालते, यंदा उरली तर पुढच्या वर्षी चालते आणि धाकट्यालाही चालते. माल सगळीकडे सारखा असला की साठा करणे म्हणजे बचत. तीच सवय आकड्यांच्या वह्यांच्या देशात आणली की तिचा अर्थ उलटतो. यात कुणी उधळ्या झाला असे नाही, नियम बदलले आणि सवय तीच राहिली. जर्मन पालकही यातून सुटलेले नसतात. फरक एवढाच की त्यांना कोपऱ्यातला आकडा वाचता येतो.

दप्तराच्या बाबतीत हाच न्याय लावला तर निकाल वेगळा येतो, आणि म्हणून ते इथे मुद्दाम पाहायला हवे. पहिलीच्या मुलाचे कडक पाठीचे जर्मन दप्तर, आत पाऊच आणि खेळाच्या कपड्यांची पिशवी असा संच, नामांकित कंपनीचा असेल तर दोनशे ते तीनशे युरोंना पडतो. त्यासाठी डीआयएन ५८१२४ हे मानक आहे: पाठीमागच्या आणि बाजूच्या दिसणाऱ्या भागापैकी किमान १० टक्के भाग दिव्याच्या उजेडात चमकणारा आणि २० टक्के भाग दिवसा उठून दिसणारा हवा. नोव्हेंबरच्या अंधाऱ्या सकाळी पायी शाळेत जाणाऱ्या मुलासाठी ही अट जिवाच्या मोलाची आहे. गेल्या वर्षीच्या चित्राचे दप्तर सवलतीत मिळत असेल, मानक तेच असेल आणि पाठीला नीट बसत असेल, तर ते जरूर घ्यावे. युनिकॉर्नच्या जागी घोडा आला म्हणून दप्तराचे काही बिघडत नाही. (पोराचे बिघडते, पण ती वाटाघाट घरोघरी निराळी.) गरज आधीच ठाऊक आहे, मापे ठाऊक आहेत, चार वर्षे वापरायचे आहे, इथे सवलत ही निखळ बचत. मात्र कंपन्यांनी यावरही उपाय काढला आहे. चिकटपट्टीने किंवा चुंबकाने दप्तरावर लावायची आणि बदलायची चित्रे वेगळ्या संचांत विकली जातात. एकदाच होणारी खरेदी अशी वर्षभर चालू राहते.

दप्तराहून अवघड प्रकरण शाळेच्या पहिल्या दिवशी मुलाच्या हातात देण्याच्या रंगीत शंकूचे. ही प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी थुरिंगिया आणि साक्सनी भागात रुजली आणि पुढे देशभर पसरली. आजचा शंकू साधारण ७० सेंटिमीटर उंचीचा असतो, म्हणजे सहा वर्षांच्या मुलाच्या कमरेच्या वर. मूळचा मान गोडाधोडाचा होता, पण दातांची काळजी करणाऱ्या पालकांनी त्यात आता शालेय वस्तू भरायला सुरुवात केली आहे: सुगंधी खोडरबर, प्राण्याच्या आकाराचा शार्पनर, चमकीची पेने, आणखी एक पाऊच. इथे यादी नाही, शिक्षक नाहीत. इथे मागणी करते ती पोकळी. रिकामा शंकू वाईट दिसतो आणि स्वस्त वस्तूंनी तो लवकर भरतो. जुन्या जाणत्या बायका तळाशी चुरगळलेला कागद कोंबतात. मला ती युक्ती कंजुषीची वाटत नाही. पोकळीला वस्तूंनीच भरावे लागते हा समज ती सहज मोडते.

या सगळ्या मांडणीवर पहिला आक्षेप गंभीर आहे: सवलतीवर नाक मुरडणे ही खिशात पैसे असणाऱ्यांची चैन आहे. बव्हेरियात पाठ्यपुस्तके शाळा वापरायला देते, पण वह्या, पेने, रंग पालकांनीच आणायचे. ज्या घरांना सरकारी आधार मिळतो त्यांना शालेय सामानासाठी २०२४ आणि २०२५ मध्ये वर्षाला १९५ युरो मिळत होते, पैकी १३० ऑगस्टमध्ये आणि ६५ फेब्रुवारीत. एका दप्तराची किंमत वर दिलीच आहे. अशा घराला पाऊण युरोची वही आणि अडीच युरोची वही यांतला फरक खराच जाणवतो आणि त्यांनी सवलत शोधली तर त्यात हसण्यासारखे काही नाही. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याला खोडत नाही, उलट धार लावतो. ऑगस्टचा हप्ताही बहुतेकदा यादीच्या आधीच येतो. पैसे हातात, टोपली समोर आणि यादीचा पत्ता नाही, अशा वेळी चुकीच्या आकड्याची खरेदी ज्याला परवडत नाही त्याच्याच पदरात तिचा भार सर्वांत जास्त पडतो. मध्यमवर्गीय घर चुकलेल्या वह्या कपाटात टाकून नव्या आणते. गरीब घरात पोर चुकीच्या समासाची वही घेऊन वर्गात बसते.

दुसरा आक्षेप बरोबर उलट टोकाचा: दोन-चार युरोंचा मामला, त्यावर लेख कसला लिहायचा? खरे आहे, रक्कम क्षुल्लक आहे, आणि म्हणूनच त्यावर कुणी विचार करत नाही. फ्रिज घेताना चार दुकाने फिरणारा माणूस ग्लू स्टिक घेताना थांबत नाही. शिवाय ‘उरले तर पुढच्या वर्षी होईल’ हा दिलासा तयारच असतो. तो काही वस्तूंना लागू पडतो, काहींना मुळीच पडत नाही. पेन्सिल वर्षानुवर्षे टिकते. इंगोलश्टाटपासून ९० किलोमीटरच्या आसपास न्यूर्नबर्ग परिसर आहे, जिथे फाबर-कास्टेल १७६१ पासून आणि श्टेड्टलर १८३५ पासून पेन्सिली बनवत आहेत, आणि लाकडातले शिसे कपाटात पडून खराब होत नाही हे तिथले कुणीही सांगेल. खोडरबर मात्र कडक होतो, ग्लू स्टिक सुकते, स्केचपेनाची टोपणे सैल राहिली की पेन संपते, शाईची कार्ट्रिज हळूहळू आटतात. पहिलीच्या रेघांची वही तिसरीत चालत नाही. म्हणजे टिकणारा माल मुळात स्वस्तच असतो आणि गठ्ठ्याने घ्यावासा वाटणारा माल टिकत नाही. उरलेले दान करू, असेही म्हटले जाते. हेतू चांगला, पण ज्या वहीचा आकडा आपल्या मुलाला चालला नाही ती दुसऱ्याच्या मुलाला चालेल याची खात्री कुणी द्यायची?

तिसरा आक्षेप कायद्यावर विसंबणाऱ्यांचा. युरोपात आता खोट्या सवलतींना चाप बसला आहे. मे २०२२ पासून जर्मनीत सवलत जाहीर करणाऱ्या दुकानाला आधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. आल्डी झ्यूडच्या केळी-अननसांच्या जाहिरातीवरून प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये निकाल लागला की सवलतीची टक्केवारीही त्या ३० दिवसांतल्या नीचांकी किमतीवरच मोजायची. किंमत आधी वाढवून मग ‘उतरवायची’ नाही. निकाल स्वागतार्ह आहे. पण तो किमतीच्या खरेपणाबद्दल बोलतो. गोधडीवरची सवलत शंभर टक्के खरी होती. सवलत जितकी विश्वासार्ह, तितके ‘आपल्याला हे हवे आहे का’ हा प्रश्न विचारण्याचे कारण कमी उरते, असेही होऊ शकते. कायदा दुकानाच्या पाटीवर नजर ठेवू शकतो, वर्गातल्या फळ्यावर नाही.

आणि मुद्दा शेवटी त्या फळ्याशीच येतो. महाराष्ट्रात याचा मोठा प्रयोग होऊन गेला आहे. दप्तराचे ओझे कमी व्हावे आणि वह्यांचा खर्च वाचावा म्हणून राज्य सरकारने २०२३–२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांचे चार भाग केले आणि धड्यांसोबत लिहायला कोरी पाने जोडली. वही पुस्तकातच आली, तीही फुकट. तरी मुले वह्या आणतच राहिली, कारण वर्गात वहीत लिहून घेण्याची आणि वही तपासण्याची पद्धत बदलली नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने कोऱ्या पानांचा निर्णय मागे घेतला. जिथे फुकट मिळालेला कागदही वहीची गरज हटवू शकला नाही, तिथे स्वस्त कागदाने गरज निर्माण होते असे मानण्याचे कारण नाही. ती वर्गातून येते. बाजार फक्त तिच्या अंदाजावर पैसे लावायला आपल्याला बोलावतो.

मग लगाम कुणाच्या हाती? माझ्या मते तो पालकांच्या संयमापेक्षा शाळेच्या वेळापत्रकाच्या हाती जास्त आहे. जर्मनीतल्या कित्येक शाळा झेरॉक्सचे पैसे वर्षाच्या सुरुवातीला एकदम गोळा करतात. त्याच धर्तीवर वह्यांचा अख्ख्या वर्गाचा संच एकत्र मागवता येतो, आणि सगळ्यांची वही सारखी झाली की घरोघरची तुलनाही थांबते. यावर शिक्षक म्हणतील की आम्ही खरेदी विभाग नाही, आणि ते बरोबरच आहे. त्यांच्यावर कामे कमी नाहीत. पण यादी जुलैतच देणे, त्यात ब्रँडऐवजी आकडे लिहिणे आणि ‘गेल्या वर्षीचे कात्री-रंग चालतील, अर्धी वही चालेल’ अशी एक ओळ टाकणे, एवढे तरी होण्यासारखे आहे. दुकानांचे यात फार नुकसान होईल असे मला वाटत नाही. टोपलीतला माल तोच राहील, किंमतही तीच, आणि आज चुकीच्या आकड्याच्या भीतीने हात मागे घेणारे काही पालक उद्या बिनघोर दहा वह्या उचलतील. त्याला माझी काही हरकत नाही.